चिलीने दोनदा नाकारलेली राज्यघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिलीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. हुकूमशहाची घटना नको म्हणून रस्त्यावर उतरलेल्या लोकांनीच नवी घटना कशी काय नाकारली? आणि मग वर्षभराने दुसरीही? त्यांना हवं तरी काय होतं? खाली एकेक प्रश्न घेतलाय. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

आधी थोडक्यात सांगा, झालं काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये चिलीच्या मतदारांना विचारलं गेलं की नवी राज्यघटना हवी का. ७८ टक्के मतदार 'हवी' म्हणाले. लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेने वर्षभर बसून मसुदा लिहिला. ४ सप्टेंबर २०२२ ला तो लोकांपुढे आला आणि जवळपास ६२ टक्क्यांनी फेटाळला. मग नवी मंडळी, नवे नियम, नवा मसुदा. १७ डिसेंबर २०२३ ला तोही सुमारे ५६ टक्क्यांनी फेटाळला. पहिला मसुदा डाव्यांचा होता, दुसरा उजव्यांचा. या एका वाक्यात अर्धं उत्तर आलं, पण उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे.

जुनी घटना कुणाची, आणि ती एवढी का खुपत होती?

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशेने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला, नव्या घटनेवर सार्वमत घेतलं. मतदारयाद्या नव्हत्या, विरोधकांना मोकळेपणाने प्रचार करायची सोय नव्हती. सरकारी आकडा आला ६७ टक्के 'हो'. हे सार्वमत किती खरं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

घटनेमागचा मेंदू हाइमे गुस्मान या वकिलाचा. तिच्यात जन्मभराचे आणि नेमलेले सिनेटर होते, लष्कराला पहारेकऱ्याची भूमिका होती, आणि बदल करायचा तर संसदेत प्रचंड बहुमत लागे. १९८८ च्या सार्वमतात पिनोशे हरला, १९९० मध्ये पायउतार झाला, घटना मात्र राहिली. १९८९ मध्ये आणि मग २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांच्या काळात तिच्यात मोठे बदल झाले. नेमलेले सिनेटर गेले, तिच्यावर पिनोशेऐवजी लागोस यांची सही आली. म्हणजे २०१९ पर्यंत ती अक्षरशः हुकूमशहाची राहिली नव्हती. पण घर रंगवलं म्हणून पाया बदलत नाही. शिक्षण, दवाखाना, पेन्शन ही कामं शक्यतो खासगी हातांत, आणि सरकार उरलंसुरलं बघणार, हा तिचा आत्मा तसाच होता. पाण्यावरचे हक्कसुद्धा खासगी मालमत्ता. पेन्शनचा पैसा खासगी कंपन्या सांभाळतात. ही व्यवस्था आणणारे तेव्हाचे मंत्री होसे पिन्येरा, आणि २०१९ साली लोक ज्यांच्या विरोधात रस्त्यावर आले ते राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा हे त्यांचे सख्खे भाऊ. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

मेट्रोच्या तिकिटावरून राज्यघटना? हे जरा जास्तच नाही का?

ऑक्टोबर २०१९ मध्ये सँटियागो मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट ३० पेसोंनी वाढून ८३० पेसो झालं. शाळकरी मुलांनी फाटकावरून उड्या मारून फुकट प्रवास सुरू केला. १८ ऑक्टोबरला पोलीस आणि जमाव यांच्यात भडका उडाला. त्यानंतरच्या दिवसांत मेट्रोच्या १३६ पैकी शंभराहून जास्त स्टेशनांचं नुकसान झालं, काही पार जळाली. सैन्य रस्त्यावर आलं. तीसहून अधिक माणसं मेली. पोलिसांच्या छर्‍यांनी शेकडो लोकांचे डोळे जायबंदी झाले. २५ ऑक्टोबरला एकट्या सँटियागोत दहा लाखांहून जास्त लोक जमले.

तेव्हाची घोषणा होती: ३० पेसोंचा प्रश्न नाही, ३० वर्षांचा आहे. हुकूमशाही गेल्यानंतरची तीस वर्षं, असा अर्थ. त्यामुळे तिकिटाचं निमित्त होतं एवढंच.

राजकीय पक्षांनी त्यावर काय तोडगा काढला?

१४ नोव्हेंबरचा दिवस आणि त्यानंतरची रात्र वाटाघाटीत गेली. १५ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बहुतेक पक्षांनी करार जाहीर केला. कम्युनिस्ट पक्षाने सही केली नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले गॅब्रिएल बोरिच यांनी पक्षाच्या वतीने नाही, तर वैयक्तिक नावाने सही केली. त्यांच्याच गोटातले लोक त्यांच्यावर भयंकर चिडले होते.

करारातल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यांच्यावर आहे. पहिली म्हणजे कोरं पान. जुन्या घटनेत दुरुस्ती करत बसायचं नाही, पहिल्या ओळीपासून लिहायचं. दुसरी म्हणजे प्रत्येक कलमाला परिषदेत दोन तृतीयांश मतं हवीत. ही अट उजव्यांनी धरून ठेवली होती. हिशेब साधा होता: आपल्याला एक तृतीयांश जागा तर मिळतीलच, मग आपल्याशिवाय एकही कलम पुढे सरकणार नाही.

आणि परिषदेवर आलं कोण?

इथे हिशेब कोसळला. मे २०२१ च्या निवडणुकीत १५५ पैकी उजव्या आघाडीला ३७ जागा मिळाल्या. अडवायला ५२ लागत होत्या. म्हणजे जी अट त्यांनी ढाल म्हणून मागितली ती त्यांच्या हातातून गळून पडली, आणि उरलेल्यांना त्यांच्याशी बोलायची गरजच उरली नाही.

परिषद दिसायला विलक्षण होती. स्त्री-पुरुष समान असावेत हा नियम होता, त्यामुळे ७८ पुरुष आणि ७७ स्त्रिया. १७ जागा आदिवासी समाजांसाठी राखीव, त्यांतल्या सात 'मापुचे' या सगळ्यांत मोठ्या आदिवासी समाजाच्या. पक्षांबाहेरचे, चळवळींतून आलेले लोक ढीगभर. वकील होते, शिक्षक होते, आणि ज्योव्हाना ग्रांडोन होत्या. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या या बाई आंदोलनात पिकाचूचा फुगीर पिवळा पोशाख घालून नाचायच्या. लोकांनी त्यांना घटना लिहायला पाठवलं. त्यांना हसणारे बरेच निघाले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण ज्यांना परिषद पोरखेळ ठरवायची होती त्यांना ते चित्र आयतं मिळालं, हेही खरं.

४ जुलै २०२१ ला पहिली बैठक. मुलांचा वाद्यवृंद राष्ट्रगीत वाजवू लागला तेव्हा काही सदस्यांनी ओरडा केला. बाहेर मोर्चा आणि पोलीस यांची झटापट चालू होती. कामकाज चालवणाऱ्या निवडणूक न्यायाधिकरणाच्या सचिव कार्मेन ग्लोरिया व्हायादारेस यांनी आवाज न चढवता बैठक काही काळ थांबवली, मग पुन्हा सुरू केली. अध्यक्ष झाल्या एलिसा लोंकोन, मापुचे समाजातल्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी भाषणाची सुरुवात आपल्या मापुझुगुन भाषेत केली. तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना हे काम फसेल असं वाटलं नसणार.

पुढे मात्र रोज काहीतरी. कर्करोगाशी झुंजणारा आंदोलक म्हणून निवडून आलेल्या रोद्रिगो रोहास बादे यांनी दोनच महिन्यांत कबूल केलं की आपल्याला कर्करोग नाही. एका सदस्याने ऑनलाइन मतदानात आंघोळ करता करता मत नोंदवलं, आणि शॉवरचा आवाज देशभर ऐकू गेला. कलमं कितीही चांगली असोत, लोकांनी आधी माणसं पाहिली.

मसुद्यात असं होतं तरी काय?

३८८ कलमं, शिवाय ५७ संक्रमणकालीन तरतुदी. (आपल्याकडे मूळ संविधानात ३९५ कलमं होती, तेव्हा लांबीवरून आपण नाक मुरडू नये.) आरोग्य, घर, शिक्षण, पेन्शन हे हक्क. निसर्गालाही हक्क. सरकारी संस्थांत स्त्रियांना निम्मं स्थान. गर्भपाताचा हक्क. दोनशे वर्षं जुनी सिनेट बरखास्त, तिच्या जागी कमी अधिकारांचं प्रदेशांचं सभागृह. चिली हे 'बहुराष्ट्रीय' राज्य. पाणी कुणाच्याही मालकीचं नाही.

सिनेट बरखास्त करायची म्हटल्यावर सिनेटर प्रेमाने प्रचार करतील अशी अपेक्षा कुणी केली असेल तर ती भाबडीच. त्यांत समाजवादी सिनेटरही होते.

मसुद्याची पुस्तिका सँटियागोच्या फुटपाथवर विकायला होती, खपाच्या याद्यांत वर होती. तेव्हा लोकांनी न वाचताच फेटाळली, हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही.

'बहुराष्ट्रीय' म्हणजे देशाचे तुकडे?

नाही, पण ऐकणाऱ्याला तसंच ऐकू गेलं. कल्पना अशी की एका राज्यात अनेक राष्ट्रसमूह नांदतात आणि राज्य त्यांना मान्यता देतं. बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या घटनांत हा शब्द आहे. २०१७ च्या जनगणनेत चिलीतल्या सुमारे १३ टक्के लोकांनी स्वतःला आदिवासी म्हणून नोंदवलं, त्यांत बहुतांश मापुचे. मसुद्यात त्यांच्या पारंपरिक न्यायव्यवस्थेलाही मान्यता होती. वर सर्वोच्च न्यायालयाची देखरेख होती, पण 'एका देशात दोन कायदे' ही ओळ तोवर गावोगाव पोचली होती.

मापुचे लोकांचा प्रदेश म्हणजे आराउकानिया. तिथे जमिनीवरून जाळपोळ, ट्रकवर हल्ले, लष्करी बंदोबस्त, सगळं चालू होतं. त्या प्रदेशात मसुद्याच्या विरोधात सुमारे ७४ टक्के मतं पडली. मापुचे वस्ती दाट असलेल्या तालुक्यांतही 'नको' पुढे होतं. राखीव जागांवरच्या मंडळींनी आपल्याच लोकांना विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा उशिरा विचारला गेला. त्या जागांसाठीच्या मतदानाला पात्र मतदारांपैकी पाव हिस्सासुद्धा फिरकला नव्हता, तिथेच घंटा वाजायला हवी होती.

पाण्याचा मुद्दा तर लोकांच्या फायद्याचा होता ना?

होता. म्हणून पेतोर्काचं उदाहरण घ्या. सँटियागोच्या उत्तरेचं हे खोरं आव्होकाडोच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध. डोंगरउतारांवर हिरव्यागार बागा, खाली नदीचं कोरडं पात्र, आणि गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर. उसाच्या फडाशेजारी टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. पाण्याच्या खासगी हक्कांविरुद्धच्या लढ्याचं पेतोर्का हे देशभरातलं प्रतीक. मसुदा कुठे जिंकायचाच तर इथे जिंकायचा.

पेतोर्काने ५६ टक्क्यांनी नाकारला.

का? छोट्या शेतकऱ्याकडेही थोडेफार पाण्याचे हक्क होते, तेही जातील ही भीती होती. आणि मुख्य म्हणजे, पाण्याचं कलम हवं म्हणून त्यासोबत सिनेट, न्यायव्यवस्था, गर्भपात, बहुराष्ट्रीयता असं सगळं गाठोडं उचलायचं होतं. सुटं काही मिळत नव्हतं.

खोट्या प्रचारामुळेच हरले, असं म्हणतात. खरं?

खोटं भरपूर पसरलं. तुमचं घर सरकारजमा होईल, झेंडा बदलेल, राष्ट्रगीत बदलेल, पेन्शनचे पैसे जप्त होतील. मालमत्तेचा हक्क मसुद्यात स्पष्ट लिहिलेला होता. तरीही घराची अफवा सगळ्यांत जास्त लागली, कारण ज्याने आयुष्यभर हप्ते भरून दोन खोल्या उभ्या केल्यात त्याला मजकूर वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, तो सांगणाऱ्याचं तोंड बघतो. पेन्शनचंही तसंच. 'माझ्या पैशाला हात लावायचा नाही' ही घोषणा जोरात होती.

पण फरक जवळपास २४ टक्क्यांचा होता. जनमत चाचण्यांनी 'नको' पुढे दाखवलं होतं, पण एवढं नाही. इतकी दरी निव्वळ अफवांनी पडत नाही. शिवाय मसुद्याच्या समर्थकांनीच मतदानाच्या महिनाभर आधी जाहीर केलं की आधी मंजूर करा, मग अमुक अमुक कलमं आम्ही सुधारू. दुकानदारच म्हणाला, माल घ्या, घरी जाऊन आपण दुरुस्त करू, तर गिऱ्हाईक काय करेल?

'नको'च्या बाजूला फक्त उजवे होते असंही नाही. माजी राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रेई 'नको' म्हणाले. माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले 'हो' म्हणाल्या. लागोस यांनी पत्र लिहून दोन्ही घटनांबद्दल नाराजी कळवली आणि मत कुणाला ते सांगितलं नाही. डावीकडच्या, मधल्या वर्तुळातल्या बऱ्याच लोकांनी 'पिवळे' म्हणून वेगळी चूल मांडली.

मतदान कसं होतं तिथे?

रविवारी, शाळांमध्ये. मतपत्रिकेवर प्रश्न, आणि खाली दोन आडव्या रेघा. एकीशी 'आप्रुएबो', म्हणजे मंजूर. दुसरीशी 'रेचासो', म्हणजे नामंजूर. मतदार हवी ती आडवी रेघ उभ्या रेघेने कापतो, कागद घडी घालून चिकटवतो आणि पेटीत टाकतो. यंत्र नाही. संध्याकाळी मतदान संपलं की तिथेच, त्याच वर्गात, सगळ्यांसमोर एकेक कागद उलगडून मोठ्याने वाचतात. कुणीही भिंतीशी उभं राहून ऐकू शकतं. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी वर्गावर्गांतून तोच शब्द ऐकू येत राहिला: रेचासो, रेचासो, आप्रुएबो, रेचासो. दोन-अडीच तासांत देशाला निकाल कळला. सोळाच्या सोळा प्रदेश विरोधात. ३४६ तालुक्यांपैकी फक्त आठांनी मसुदा मंजूर केला.

पण दोन वर्षांपूर्वी ७८ टक्के 'हवी' म्हणाले होते. तेच लोक कसे फिरले?

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर असं की तेच लोक नव्हते.

२०२० चं मतदान ऐच्छिक होतं, त्यातून कोविडचा काळ. सुमारे ७६ लाखांनी मत दिलं. 'हवी'ची मतं ५९ लाखांच्या आसपास. फक्त पाच ठिकाणी 'नको' पुढे होतं. सँटियागोतल्या तीन श्रीमंत वस्त्या, बोलिव्हियाच्या सीमेवरचं कोल्चाने आणि चक्क अंटार्क्टिकातलं मतदान केंद्र.

२०२२ चं मतदान सक्तीचं होतं, न दिल्यास दंड. मतं पडली १ कोटी ३० लाख. मसुद्याच्या बाजूने ४८-४९ लाख, विरोधात ७८-७९ लाख. जरा थांबून हा आकडा बघा. २०२२ मध्ये 'नको' म्हणणारे हे २०२० च्या एकूण मतदारांपेक्षा जास्त होते. जे ५०-५५ लाख लोक एरवी मतदानाला जात नाहीत, मोर्चाला तर नाहीच नाही, ते सक्तीमुळे केंद्रावर आले. परिषद निवडताना ते घरी होते, मसुदा लिहिला जात असताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. राजकारण म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते असे हे लोक.

म्हणजे घटना लिहायला पाठवणारे मतदार एक आणि ती पास-नापास करणारे मतदार दुसरे. प्रश्नपत्रिका एका वर्गाने काढली आणि उत्तरं दुसऱ्या वर्गाने तपासली. त्यातून 'हवी' म्हणणाऱ्या ५९ लाखांतलेही निदान दहा लाख गळाले.

मग मतदार अडाणी होते, असंच ना?

हे वाक्य तिथेही खूप लोकांनी म्हटलं, निकालाच्या रात्रीच. त्या चुकीची किंमत त्यांनी पुढच्या मे महिन्यात मोजली.

दुसरा मसुदा कसा आला?

डिसेंबर २०२२ मध्ये पक्षांनी नवा करार केला. आता कोरं पान नाही. बारा मूलभूत गोष्टी आधीच ठरवलेल्या: चिली एकसंध राज्य राहील, दोन सभागृहं राहतील, वगैरे. संसदेने नेमलेले २४ तज्ज्ञ आधी मसुदा करणार, मग निवडून आलेली ५१ जणांची समिती त्यावर काम करणार. तज्ज्ञांनी सगळ्या बाजूंना चालेल असा मसुदा केला. तिथेच थांबले असते तर, असं आजही बरेच जण हळहळून म्हणतात.

मे २०२३ मध्ये समितीची निवडणूक झाली. या वेळी मतदान सक्तीचं. होसे अँतोनियो कास्त यांच्या कट्टर उजव्या रिपब्लिकन पक्षाला २३ जागा, इतर उजव्यांना ११. मिळून ३४. कलम मंजूर व्हायला ३१ पुरे होत्या. डाव्यांना अडवण्यासाठी २१ हव्या होत्या, मिळाल्या १६, आणि आदिवासी प्रतिनिधी धरून १७. काही ओळखीचं वाटतंय? २०२१ ची आरशातली प्रतिमा. विरोधकांशी बोलायची गरज पुन्हा एका बाजूला उरली नाही, फक्त बाजू बदलली.

आणि त्यांनीही तेच केलं. पहिल्या घरावरचा मालमत्ता कर माफ, असं थेट घटनेत लिहिलं. बहुतेक घरांना तो आधीच माफ होता, फायदा महागड्या बंगल्यांना. बेकायदा आलेल्या परदेशी लोकांची हकालपट्टी घटनेत. आरोग्य आणि पेन्शनमध्ये खासगी पर्याय पक्का.

सगळ्यांत मोठा वाद मात्र एका छोट्या शब्दावर पेटला. जुन्या घटनेत आहे की 'जे जन्माला यायचं आहे' त्याच्या जिवाचं रक्षण कायदा करेल. स्पॅनिशमधला 'के' हा शब्द वस्तूलाही चालतो, माणसालाही. नव्या मसुद्यात तिथे 'क्येन' आलं, आणि तो शब्द फक्त माणसासाठी. 'जे'चं 'जो' झालं म्हणा ना. गर्भ ही व्यक्ती ठरली तर २०१७ च्या कायद्याने तीन परिस्थितींत मिळालेली गर्भपाताची परवानगी न्यायालयात टिकेल का, ही धास्ती. लाखो बायकांनी या एका सर्वनामावर मत दिलं असं म्हणायला हरकत नाही.

डिसेंबर २०२३ च्या मतपत्रिकेवर शब्दही बदलले होते, मंजूर-नामंजूरऐवजी 'बाजूने' आणि 'विरोधात'. आणि भूमिकांची तर पार उलथापालथ. चाळीस वर्षं पिनोशेच्या घटनेची पाठराखण करणारे आता नवी घटना द्या म्हणत होते. तिला शिव्या घालत मोठे झालेले डावे तीच वाचवायला दारोदार फिरत होते. त्यांच्या पोस्टरवर ते असं लिहीत नव्हते, एवढंच.

मग चूक कुणाची?

माझं मत सांगतो. दोन्ही वेळा जिंकलेल्या बाजूने निवडणुकीच्या निकालाला कायमचा कौल समजलं. घटना म्हणजे आपला जाहीरनामा, फक्त जाड अक्षरांत, असं त्यांना वाटलं. निवडणूक जिंकायला ४०-४५ टक्के पुरतात. घटनेवर शिक्का मारायचा तर ज्यांनी तुम्हाला मत दिलं नाही त्यांतल्याही बऱ्याच जणांना वाटावं लागतं की यात आपली एखादी खोली आहे. दोन तृतीयांशची अट त्यासाठीच होती. पण जागावाटपच असं झालं की अट पाळूनही सहमती टाळता आली. नियम शाबूत, हेतू गायब.

आणि हो-नाही अशा प्रश्नाचा एक जन्मजात दोष आहे. 'नको' म्हणणाऱ्याचं कारण मोजता येत नाही. कुणाला गर्भपात नको, कुणाला राष्ट्राध्यक्ष बोरिच नको, कुणाला महागाईचा राग काढायचा होता. पेटीत सगळे कागद सारखेच दिसतात.

असं दुसरीकडे कुठे झालंय का?

झालंय. फ्रान्सने मे १९४६ मध्ये एक मसुदा नाकारला. त्यात एकच सभागृह ठेवायचा घाट होता. त्याच ऑक्टोबरमध्ये दोन सभागृहांचा सुधारित मसुदा थोडक्यात मंजूर झाला आणि चौथं प्रजासत्ताक आलं. केनियात २००५ मध्ये 'हो'ची खूण केळं आणि 'नाही'ची संत्रं होती. संत्रं जिंकलं. पाच वर्षांनी, मधल्या काळात निवडणुकीनंतरचा रक्तपात सोसून, ऑगस्ट २०१० मध्ये दुसरी घटना दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर झाली. अमेरिकेत १७८७-८८ साली सार्वमत नव्हतं, राज्याराज्यांत अधिवेशनं भरली आणि तेरापैकी नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली होती.

भारताने संविधानावर सार्वमत का घेतलं नाही?

संविधान सभेलाच ते स्वीकारायचा अधिकार होता. २६ नोव्हेंबर १९४९ ला सभेने ते स्वीकारलं. शाळेत रोज म्हटलेली ओळ आठवा, आपण ते 'स्वतःप्रत अर्पण' केलं, कुणाकडे मंजुरीला पाठवलं नाही. पण आक्षेप आला नव्हता असं नाही. सभा १९४६ च्या मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती. दामोदर स्वरूप सेठ आणि मौलाना हसरत मोहानी यांनी सभागृहातच हे बोलून दाखवलं की ही सभा सगळ्या जनतेची नाही.

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तरी ज्या देशात प्रौढ मताधिकाराची पहिली यादीच तयार होत होती, फाळणीचे लोंढे चालू होते, तिथे ३९५ कलमांवर एक हो-नाही म्हणजे काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. त्याऐवजी आपल्याकडे काय झालं? मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला. सुमारे साडेसात हजार दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या जवळपास अडीच हजार सभागृहात मांडल्या गेल्या. डॉ. आंबेडकर एकेकीला उत्तर देत बसले. म्हणजे जे चिलीत एका रविवारी झालं ते आपल्याकडे वर्षभर, कलमाकलमाने, चाललं.

आपल्याकडे असं हो-नाही मतदान कधी झालंच नाही?

घटनेवर नाही. पण १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर 'फूल', केंद्रशासित राहायचं तर 'दोन पानं'. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण हरलं. आता गंमत बघा. दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. गोंयकारांनी प्रस्ताव नाकारला होता, भाऊंना नाही. चिलीचे निकाल वाचताना मला हे नेहमी आठवतं.

मग चिलीत आज कोणती घटना लागू आहे?

तीच, १९८० ची, असंख्य ठिगळांसह. दुसऱ्या पराभवानंतर बोरिच यांनी सांगून टाकलं की आपल्या कारकिर्दीत हा विषय संपला. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या सार्वमताच्या ऐन तोंडावर, संसदेने घटनादुरुस्तीसाठी लागणारं बहुमत कमी करून चार सप्तमांशावर आणलं. ज्या कुलपासाठी तीस वर्षं भांडण चाललं होतं ते त्या गडबडीत निम्मंअधिक उघडलं गेलं, आणि त्याची बातमी आतल्या पानावर आली. डिसेंबर २०२५ मध्ये कास्त राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

आणि ते ३० पेसो?

१९ ऑक्टोबर २०१९ ला, भडका उडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पिन्येरा यांनी भाडेवाढ मागे घेतली.